लोड चालू आहे

सावकाश वाचा. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा, मजकूर कुठे जात नाही.

मनात एक खोली उभी करा. भंडारा जिल्ह्यातली कुठलीही चालेल: एखाद्या रुग्णालयातली जिन्याखालची, सरकारी कार्यालयाच्या मागच्या अंगाची, बँकेच्या तिजोरीला लागून असलेली. मे महिना आहे आणि बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात गेलाय. खोलीत माणसाच्या उंचीचं, वीज तुटू न देणाऱ्या यूपीएसचं एक काळं कपाट आहे आणि त्याच्या जाळीतून गरम वारा येतोय. दार उघडलं की आत एकावर एक चार खण दिसतात. प्रत्येकात सरकवलेलं एक मॉड्युल. तिघांवर हिरवा दिवा आहे, एकावर लाल. बझर काही वेळापूर्वी वाजत होता. आता वाजत नाही, कारण कुणीतरी म्यूटचं बटण दाबलंय.

अशा खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो. लोड चालू आहे ना? चालू आहे म्हटलं की त्याचे खांदे खाली येतात आणि तो परत जातो.

आज आपण परत जायचं नाही. या उत्तरापाशीच थोडा वेळ उभं राहायचं.

हात अजून पुढे करू नका. आधी वीज कुठून कशी जाते, हे तिच्या मागे मागे जाऊन बघू. महावितरणची लाइन कपाटात येते. आत आल्या आल्या रेक्टिफायर तिचा एसीपणा काढून घेतो आणि तिला डीसी करतो. या डीसीवर बॅटरी बँक जोडलेली असते, सतत भरलेली. त्याच डीसीमधून इन्व्हर्टर पुन्हा नवी, स्वच्छ एसी घडवतो आणि तीच लोडला, म्हणजे वॉर्डात, सर्व्हरला, काउंटरवर जाते. म्हणजे बाहेरची वीज जशीच्या तशी आत कधी पोचतच नाही. लाइन गेली तर रेक्टिफायर थांबतो, बॅटरी डीसी धरून ठेवते आणि इन्व्हर्टरला काही कळतही नाही. घरच्या साध्या इन्व्हर्टरला लाइनवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. इथे तेवढीही फट नसते. याखेरीज एक बाजूची वाट असते, बायपास. इन्व्हर्टरला पेलवलं नाही तर लोड त्या वाटेने थेट लाइनवर जातो.

मॉड्युलर यूपीएसमध्ये हे सगळं एका मोठ्या यंत्रात न ठेवता छोट्या छोट्या मॉड्युलमध्ये वाटून दिलेलं असतं. प्रत्येक मॉड्युलमध्ये आपला रेक्टिफायर, आपला इन्व्हर्टर, आपले पंखे. समजा २५ केव्हीएचे चार मॉड्युल आहेत आणि लोड ७० केव्हीए आहे. चौघे मिळून १०० पेलू शकतात, गरज तिघांची आहे, एक जास्तीचा. पालखीला भोई जास्त असले की एखाद्याने खांदा काढला तरी पालखी कलत नाही आणि आत बसलेल्याला काही जाणवत नाही. इथेही तसंच होतं. एक मॉड्युल बंद पडतं, उरलेले तिघे त्याचा वाटा तत्क्षणी उचलतात. वॉर्डातला दिवा मिणमिणतसुद्धा नाही.

हे सुख आहे, आणि ते कमी लेखू नका. पण त्याच्या आत काय दडलंय, ते सावकाश बघा. बिघाड झाला आणि तो कुणालाही जाणवला नाही. पूर्वी एकच मोठं यंत्र असे. ते बंद पडलं की सगळं बंद पडे आणि धावपळ होई. आता धावपळ होत नाही. जास्तीचा जो एक होता तो खर्ची पडला, आणि हे सांगायला एक लाल ठिपका आणि एक बझर एवढंच उरलं. त्यातला बझर म्यूट झाला.

जास्तीच्या मॉड्युलने आपल्याला वेळ दिलेला असतो. मुदत दिलेली असते म्हणा हवं तर. ती आठ तासांची असेल, आठ महिन्यांची असेल. दुसरं मॉड्युल जाईपर्यंतची ही मुदत. तेवढ्यात पहिल्याचं कारण शोधायचं असतं. माझ्या मते मॉड्युलर यंत्रणेत सगळ्यात जास्त वाया जाते ती हीच मुदत. वीज त्यापुढे काहीच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ७० चा लोड कायम ७० राहत नाही. वर्षभरात एक नवीन मशीन येतं, दोन संगणक वाढतात, कुणी लेझर प्रिंटर यूपीएसच्या सॉकेटला लावतो, थंडीत कुणी हीटर लावतो. लोड ८० वर जातो. चारही दिवे हिरवे असतात, बझर गप्प असतो, आणि तरी जास्तीचा कुणी उरलेला नसतो. एक गेला की तिघांच्या ७५ वर ८० पडणार. हा बिघाड कुठल्याही मॉड्युलमध्ये नाही, म्हणून कुठलाही दिवा तो दाखवत नाही. काही यंत्रं पडद्यावर ‘रिडंडन्सी लॉस्ट’ अशी ओळ दाखवतात. ती ओळ वाचायला कुणीतरी पडद्यासमोर यावं लागतं.

आता थोडं जड आहे, पण भंडाऱ्यात उभं राहून हे मनन करायचं तर ते टाळता येत नाही.

९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात १७ बाळं होती. रात्री दीड-दोनच्या सुमारास कक्षातून धूर येताना तिथल्या परिचारिकेला दिसला. ७ बाळांना बाहेर काढता आलं. १० बाळं गेली. काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. पुढच्या चौकशीत आगीचा उगम एका रेडियंट वॉर्मरशी जोडला गेला, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राशी. काही डॉक्टर आणि परिचारिकांवर निलंबनाची, सेवासमाप्तीची कारवाई झाली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात लागली.

भंडाऱ्याची ही आग यूपीएसमुळे लागली नव्हती. हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण दु:खाच्या जागी सैल बोललेलं माणसं वर्षानुवर्षं खरं धरून चालतात.

तरीही काळ्या कपाटासमोर उभं असताना त्या कक्षाची आठवण येणं साहजिक आहे. अशा कक्षात काय काय विजेवर चालतं, एकेक करून मनात आणा. वॉर्मर. काविळीच्या बाळांसाठी निळ्या प्रकाशाचा दिवा. थेंबाथेंबाने औषध सोडणारा सिरिंज पंप. बोटाएवढ्या पायाला गुंडाळलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला स्वत:च्या शरीराची ऊब धरता येत नाही. त्याचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहावं म्हणून सारा खटाटोप. आईच्या कुशीचं काम तिथे तार करत असते.

यूपीएसची जागा इथे कुठे आहे? वीज तुटू नये, एवढीच त्याच्यावर जबाबदारी आहे. पलीकडचं यंत्र बरं आहे की बिघडलंय, हे तो विचारत नाही. तारेचा जोड तापून काळा पडला असेल तरी तो त्या जोडाला तितक्याच निष्ठेने वीज देत राहतो. लाइन गेली असती तर कदाचित तो जोड थंडावला असता. यूपीएस त्याला थंडावू देत नाही. शिवाय इन्व्हर्टर एका मर्यादेपलीकडे करंट देत नाही. थेट लाइनवर शॉर्ट झाला की जेवढा प्रचंड करंट धावतो आणि एमसीबी ज्या झटक्यात पडतो, तेवढा करंट इन्व्हर्टरकडून मिळेलच असं नाही. म्हणून शॉर्ट झाला की बहुतेक यूपीएस लोड बायपासवर टाकतात, म्हणजे लाइनची ताकद एमसीबी पाडायला मिळते. आणि त्या वेळी लाइनच नसेल, सगळं बॅटरीवर चालू असेल, तर? म्हणून यूपीएसपुढचे एमसीबी नीट हिशोबाने निवडावे लागतात, गळती पकडणारा ब्रेकर लागतो, आणि दाराशी आणीबाणीचं लाल बटण लागतं, जे दाबायचं कधी आणि कधी नाही हे रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असावं लागतं.

अखंड वीज ही सुरक्षितता आहे असं आपण धरून चालतो. तो सुरक्षिततेचा एक हिस्सा आहे. उरलेला हिस्सा माणसाच्या नजरेकडे, नाकाकडे, कानाकडे आहे.

इथे हवं तर वाचन थोडं बाजूला ठेवा. मग पुढे या.

आता लाल दिव्याकडे वळू. अजूनही हात नाही लावायचा. पडद्यावर नोंदींची यादी उघडा, ज्याला इंजिनिअर लॉग म्हणतात. तिथे एका मिनिटात वीस-वीस ओळी पडलेल्या असतात. सगळ्यात वर दिसते ती सगळ्यात ताजी, आणि माणसाची नजर तिच्यावरच खिळते: मॉड्युल ३ फॉल्ट. पण ती शेवटची ओळ आहे. खाली जा. आणखी खाली. त्या गर्दीतली पहिली ओळ शोधा. कदाचित ती म्हणते: मॉड्युल ३, पंखा बंद. त्यानंतर: तापमान जास्त. त्यानंतर: इन्व्हर्टर बंद. मग: मॉड्युल ३ फॉल्ट. बाकी सगळा आरडाओरडा त्या पंख्यामुळे. पहिल्या ओळीपर्यंत जो उतरतो त्याला पंख्याचा खर्च येतो. जो शेवटची ओळ वाचून फोन करतो त्याला नव्या मॉड्युलचं कोटेशन येतं.

लॉग वाचताना घड्याळ बघायला विसरू नका. यंत्रातलं घड्याळ किती तरी ठिकाणी चुकीचं असतं. बसवणाऱ्याने लावलं नाही किंवा आतला छोटा सेल संपला. मग पहाटे ३ ला घडलेली गोष्ट दुपारी साडेबाराची दिसते, आणि दुपारी साडेबाराला कोण कामावर होतं याची चौकशी सुरू होते. घड्याळ जुळवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. मी त्याला दुरुस्तीचं पहिलं काम मानतो.

आता तपासणीतला सगळ्यात सुंदर भाग, माझ्या दृष्टीने तरी. तीन नंबरच्या जागेवर लाल दिवा आहे. बिघाड मॉड्युलमध्ये आहे, की मॉड्युल ज्या खणात बसलंय त्या खणात? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मग जागा बदलून पाहायची. एक चांगलं मॉड्युलही काढल्यावर उरलेल्यांना लोड पेलेल याची आधी खात्री करायची. पेलत नसेल तर हात लावायचा नाही. मॉड्युलचं कुलूप किंवा स्विच कंपनीने सांगितलेल्या क्रमाने सोडायचं. मग थांबायचं. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. कंपन्या पाच मिनिटं सांगतात, कुणी दहा. ही मिनिटं खरोखर मोजा. घाईच्या माणसाला ती फार मोठी वाटतात. या यंत्रात वीज बंद करणं आणि वीज नसणं यांच्यात तेवढं अंतर आहे.

मॉड्युल ओढून काढलंत. त्याच्या मागचं कनेक्टर उजेडात धरा. एखादी पिन काळवंडलीय का? प्लास्टिकला पिवळी झाक आलीय का? बोटाने न चाचपता नुसतं बघा. मग तीन नंबरचं मॉड्युल चौथ्या खणात आणि चौथ्याचं तिसऱ्यात, एका वेळी एक. लाल दिवा मॉड्युलबरोबर चौथ्या खणात गेला तर दोष मॉड्युलचा. लाल दिवा तिसऱ्या खणातच राहिला आणि चांगलं मॉड्युल तिथे जाऊन आजारी पडलं, तर दोष खणाचा: मागच्या पट्टीचा, कनेक्टरचा, एखाद्या सैल पडलेल्या संदेशवाहक तारेचा. तिथे बसवलेलं कितीही नवं मॉड्युल असंच आजारी पडणार.

इथे थोडं रेंगाळा. माणसांच्या बाबतीत आपण हा प्रयोग किती क्वचित करतो. एका जागी एक माणूस अपयशी ठरतो, त्याला काढतो, दुसरा आणतो, तोही अपयशी ठरतो, त्यालाही काढतो. जागेची पाहणी होत नाही. रात्री किती बाळांमागे किती परिचारिका, धूर ओळखणारं यंत्र होतं का, बाहेर पडायची वाट मोकळी होती का, वॉर्मरची देखभाल शेवटची कधी झाली: हे खणाचे प्रश्न आहेत. ज्याच्या हातून चूक झाली त्याची जबाबदारी राहतेच, ती कुणी नाकारत नाही. पण खण तसाच ठेवून मॉड्युल बदललं, तर लाल दिवा पुन्हा लागेल, हे यंत्र शिकवतं आणि त्यात दयामाया नसते.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. मॉड्युल काढलं, पुन्हा बसवलं, आणि सगळे दिवे हिरवे झाले. बिघाड गेला. आनंद होतो, चहा मागवला जातो. पण गेलेला बिघाड कुठे गेला? बहुधा एखादा जोड सैल होता, तो काढता-घालताना पुन्हा टेकला. उद्याच्या उष्णतेने, कपाटाच्या थरथरीने तो पुन्हा सुटेल. म्हणून अशा वेळी मॉड्युलवर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी, कुठल्या खणातून काढलं ते लिहावं, आणि पंधरा दिवस लॉग बघत राहावं. जो बिघाड आपोआप गेला त्याला बरा झालेला धरू नये. तो सध्या दिसत नाही, एवढंच म्हणावं.

पंखा आणि धूळ यांच्याबद्दल फार बोलायला नको, कारण उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो कुणी करत नाही. भंडारा धानाचा जिल्हा. मळणीच्या दिवसांत तूस हवेत असतं, तुमसरकडे राइस मिलचा कोंडा उडतो. यूपीएसच्या जाळीवर त्याचा मऊ थर बसतो, पंखा जोराने फिरतो, तरी वारा आत जात नाही. जाळी काढून झटकायची. बास.

बॅटरीपाशी मात्र बसू. कारण यूपीएसचा शेवटचा आधार तीच, आणि उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा मार तीच खाते.

सील केलेल्या शिसाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपास धरून सांगितलेलं असतं. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. कागदावर पाच वर्षं लिहिलेली बॅटरी, एसी बंद पडलेल्या खोलीत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात किती जगेल, हा हिशोब मनातच करा. दोन्ही हातांनी धरून ठेवावा असा हा हिशोब आहे, कारण बॅटरी मरताना आवाज करत नाही. लाइन असते तोवर तिला काही करावंच लागत नाही. ती भरलेली दिसते, पडद्यावर शंभर टक्के असतं, आणि लाइन गेली की दोन मिनिटांत सगळं संपतं.

एका रांगेत चाळीस ब्लॉक असतील तर एकूण दाब पाचशे व्होल्टच्या वर, तोही डीसी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. एकट्याने काम करू नका. अवजारांना इन्सुलेशन हवं. आणि मग मल्टीमीटर घेऊन एकेक ब्लॉक मोजत जा. १३.६. १३.६. १३.५. १३.६. १४.८. १३.५. मन म्हणतं, हा १४.८ वाला सगळ्यात तगडा. थोडं थांबा. आता लाइन बंद करून लोड बॅटरीवर घ्या आणि पुन्हा मोजा. १२.१. १२.१. १२. १२.१. आणि तोच ब्लॉक ८ वर कोसळतो. आतून सुकलेला, आतला अवरोध वाढलेला ब्लॉक स्वस्थ असताना पुष्कळदा सगळ्यांपेक्षा जास्त आकडा दाखवतो. ओझं पडल्यावरच तो उघडा पडतो. एकसर जोडलेल्या रांगेत एक कोसळला की एकोणचाळीस चांगले असून उपयोग नाही.

म्हणून बॅटरीची खरी चाचणी लोडवरच होते. ती दिवसाढवळ्या करावी, जनरेटर सुरू करून बाजूला तयार ठेवून, वॉर्डाला आधी सांगून. बऱ्याच ठिकाणी ती कधी होत नाही, कारण चाचणीत बंद पडलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न सगळ्यांना भेडसावतो. समजतं ते. पण न केलेली चाचणी रात्री लाइन गेल्यावर आपोआप होते, आणि तेव्हा हजर असते ती एक परिचारिका आणि मोबाइलची टॉर्च.

कधी कधी सगळं कपाट निर्दोष असतं. चारही मॉड्युल हिरवे, बॅटरी बरी, तरी यूपीएस मधूनमधून बॅटरीवर जातो. लोक म्हणतात, लाइन तर आहे! दिव्याला, पंख्याला लाइन आहेच. पण पॅनेलमध्ये न्यूट्रलचा एखादा बोल्ट सैल असला की तिन्ही फेजचे दाब डोलू लागतात. एकीवर १७०, दुसरीवर २९०. यूपीएसला हे चालत नाही, तो बाहेरची वाट सोडून बॅटरीवर येतो. तो बरोबर करतोय. ज्याने तक्रार केली त्याच्यावरच आपण बिघाडाचा शिक्का मारतो, असं इथे घडतं. ट्रान्सफॉर्मरवर काम झाल्यावर फेजचा क्रम उलटला तर शेतातली मोटर उलटी फिरते, हे वैनगंगेकाठचा शेतकरी लगेच ओळखतो, कारण पाणी येत नाही. यूपीएसमध्ये तोच उलटा क्रम बायपासच्या वाटेवर एक इशारा होऊन बसतो. सगळं चालू असतं, फक्त ज्या दिवशी इन्व्हर्टरला बायपासची गरज लागेल त्या दिवशी ती वाट बंद मिळते. जनरेटरची फ्रिक्वेन्सी पन्नासच्या फार वरखाली झाली तरी हेच.

एका बाजूला मौद्याचं औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं. हजारो मेगावॉट ज्या दोन गावांत तयार होतात, त्यांच्या मधे भंडारा वसलंय. तरीही आपल्या वॉर्डातली वीज टिकते की नाही, हे पॅनेलमधल्या एका बोल्टच्या आवळण्यावर ठरतं.

आता कपाटाचं दार मनातल्या मनात लावून घ्या आणि खोलीतल्या माणसाकडे वळा. कारण लॉगमध्ये नसलेली नोंद त्याच्याकडे असते. तो वायरमन असेल, वॉर्डबॉय असेल, झाडू मारणाऱ्या मावशी असतील. त्यांना विचारा: हा आवाज कधीपासून येतोय? वास कधी आला होता का? त्या दिवशी लाइन गेली तेव्हा इथे काय झालं? आणि विचारताना आवाज चौकशी समितीचा नको. ज्याला वाटतं की खरं सांगितलं तर आपल्यावरच येईल, तो माणूस म्हणतो, मला काय माहीत साहेब. त्या क्षणी तपासातला सगळ्यात जुना, सगळ्यात अचूक लॉग बंद होतो. म्यूटचं बटण कुणी दाबलं, याला फार महत्त्व देऊ नका. रात्रभर वाजणारा बझर आणि फोन न उचलणारा देखभालीचा ठेकेदार, यांच्यात सापडलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं? त्याने फोन केल्याची नोंद ठेवायला कुणी वही दिली होती का, हे विचारा.

अशी वही नसेल तर ठेवा. दोनशे पानी, साधी. तारीख, वेळ, दिवा कुठला, बझर वाजला का, कुणाला कळवलं, तो कधी आला, त्याने काय केलं. इंजिनिअर आला की त्याची सही घ्या. पुढच्या माणसाला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

आणि हे वाचणारे तुम्ही यूपीएसला कधी हात लावणार नसाल, तरी तुमच्याकडे एक काम आहे. मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, तुमसर, भंडारा: तुमच्या तालुक्यातल्या ज्या रुग्णालयात तुमच्या घरातलं बाळ जन्मणार आहे, तिथे जाऊन अधीक्षकांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. नवजात कक्षाच्या यूपीएसची बॅटरी लोडवर शेवटची कधी तपासली? वॉर्मरची देखभाल शेवटची कधी झाली? रात्री धूर दिसला तर कुणी काय करायचं याचा सराव शेवटचा कधी झाला? तिन्ही उत्तरं तारखेसह मागा, आणि तारीख मिळाली नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.